सहा नावं बाजूला ठेवा, आधी अडलेलं काम सांगा

तुमचं म्हणणं मला समजलं ते असं. कंपनी तीन वर्षांची, माणसं चौदा. रुग्ण घरी रक्तदाब मोजतो आणि तो आकडा यंत्रातून थेट डॉक्टरांच्या पडद्यावर जातो. दोन रुग्णालयांत पायलट, म्हणजे छोट्या प्रमाणावरचा चाचणी वापर, चालू आहे. नवे गुंतवणूकदार म्हणतात, गुंतवणुकीच्या पुढच्या फेरीआधी एक वजनदार सल्लागार मंडळ दिसलं पाहिजे. म्हणून तुम्ही सहा नावं काढलीत: दोन नामवंत हृदयरोगतज्ज्ञ, एक निवृत्त बडे सरकारी अधिकारी, विद्यापीठातले एक प्राध्यापक, मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीचे एक उपाध्यक्ष आणि ब्रँडिंगमध्ये नाव कमावलेल्या एक बाई. आणि प्रश्न असा, की कोणाला कंपनीत किती टक्के हिस्सा द्यावा.

टक्क्यांचं सांगतो, पण नंतर. कारण तुमच्या मजकुरात जाता जाता एक वाक्य आलंय: ‘पायलट अकरा महिने छान चाललाय, पैशांचं बोलणं अजून व्हायचंय.’ मी तिथेच अडकलो. व्यवसायाचा सल्ला द्यायला लागण्याआधी नऊ वर्षं मी रुग्णालयाच्या खरेदी विभागात होतो, म्हणजे टेबलाच्या पलीकडे. तिथलं एक उघड गुपित सांगतो. फुकटच्या पायलटला नाही म्हणायचं कोणालाच कारण नसतं. विभागप्रमुख खूश, वार्षिक अहवालात एक ओळ वाढते, खर्च शून्य. अकरा महिन्यांत हिशेब विभागातल्या एकाही माणसाने तुम्हाला भेटायला बोलावलं नसेल, तर पायलटचं भिजत घोंगडं झालंय असं समजा. आणि तुमच्या सहा नावांपैकी ते घोंगडं उचलेल असं मला कोणी दिसत नाही.

सल्लागार निवडायची माझी रीत साधी आहे. एका कागदावर लिहायचं: येत्या सहा महिन्यांत कोणतं काम झालं नाही तर कंपनी बंद पडेल? मग ते काम स्वतःच्या हाताने केलेला माणूस शोधायचा. तो प्रसिद्ध असला तर बरंच, नसला तरी बिघडत नाही. तुमच्या बाबतीत ते काम म्हणजे पायलटचं पैसे देणाऱ्या करारात रूपांतर. हे केलेली माणसं व्यासपीठांवर सहसा दिसत नाहीत. ती एखाद्या विमा कंपनीच्या दावे विभागातून निवृत्त झालेली असतात, रुग्णालयाच्या अर्थ विभागात असतात, किंवा पूर्वी तुमच्यासारख्याच कंपनीत विक्री करताना हात पोळून घेतलेली असतात.

वजनदार नावांनी काय होतं आणि काय होत नाही, हे थेरानोसच्या उदाहरणात स्वच्छ दिसतं. बोटाच्या टोकातून घेतलेल्या थेंबभर रक्तावर ढीगभर तपासण्या करू, असा त्या कंपनीचा दावा होता. स्थापना २००३ ची. २०१४ च्या सुमारास तिची किंमत ९ अब्ज डॉलर धरली जात होती. संचालक मंडळावर हेन्री किसिंजर आणि जॉर्ज शुल्ट्झ हे अमेरिकेचे दोन माजी परराष्ट्रमंत्री, विल्यम पेरी हे माजी संरक्षणमंत्री, शिवाय माजी सिनेटर आणि निवृत्त सेनाधिकारी. वैद्यकातलेही होते, एक शल्यचिकित्सक आणि एक साथरोगतज्ज्ञ. पण रोज सकाळी प्रयोगशाळेतलं यंत्र तपासून, नियंत्रण नमुन्याचा (ज्याचं उत्तर आधीच माहीत असतं त्याचा) आकडा चुकला तर दिवसाचे सगळे रिपोर्ट रोखून धरायची सवय असलेलं त्यात कोणी नव्हतं. ऑक्टोबर २०१५ मध्ये ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने प्रकरण बाहेर काढलं. प्रयोगशाळाशास्त्रातल्या जाणकारांचं सल्लागार मंडळ कंपनीने जाहीर केलं ते एप्रिल २०१६ मध्ये. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. २०१८ मध्ये कंपनी गुंडाळली गेली आणि जानेवारी २०२२ मध्ये संस्थापिका एलिझाबेथ होम्स गुंतवणूकदारांच्या फसवणुकीसाठी दोषी ठरल्या.

तुमच्या हेतूवर मला शंका नाही, तेव्हा तुलना फसवणुकीची नाही. पण प्रामाणिक कंपनीतही तीच पोकळी राहते. मोठ्या माणसाला दीड तासाच्या बैठकीत खालचं काही दिसत नाही, आणि दिसलं तरी तो विचारत नाही, कारण आपल्याला या विषयातलं कळत नाही हे कबूल करावं लागतं. शिवाय संचालकावर निदान कायद्याची जबाबदारी असते, ठरावावर त्याची सही असते. सल्लागाराला तेवढंही बंधन नसतं. त्याला ‘हो’ म्हणायला काही मोल पडत नाही.

आता तुमच्या धंद्याच्या गाभ्याकडे येतो, कारण सल्लागार कोण हवा ते त्यावरून ठरतं. दुसऱ्या बहुतेक धंद्यांत जो वापरतो तोच पैसे देतो. आरोग्यात चार वेगळी माणसं असतात. वापरतो रुग्ण, सांगतो डॉक्टर, पैसे भरते विमा कंपनी, सरकार किंवा रुग्णालय, आणि रोजचं काम वाढतं ते परिचारिकेचं. संस्थापक यांतल्या एकाला ओळखत असतो, बहुधा डॉक्टरला, आणि सल्लागारही त्याच गोतावळ्यातले आणतो. तुमच्या यादीत बघा: डॉक्टरच्या बाजूची दोन माणसं, पैसे भरणाऱ्याच्या बाजूचं कोणी नाही, परिचारिकेच्या बाजूचंही कोणी नाही.

पेअर थेरप्युटिक्स या अमेरिकी कंपनीने या बाबतीत फार महागडा धडा घेतला. व्यसनमुक्तीसाठी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर देण्याचं त्यांचं ॲप २०१७ मध्ये एफडीएकडून, म्हणजे तिथल्या औषध आणि उपकरण नियामक संस्थेकडून, मंजूर झालं. चाचण्या झालेल्या, डॉक्टर चिठ्ठ्या लिहीत होते, कंपनी शेअर बाजारातही पोहोचली. एप्रिल २०२३ मध्ये तिने दिवाळखोरी जाहीर केली. संस्थापकाने तेव्हा जाहीरपणे लिहिलं त्याचा आशय असा होता की डॉक्टर ॲप लिहून द्यायला तयार आहेत हे आम्ही दाखवलं, उपयोग होतो हेही दाखवलं, पण विमा कंपन्यांच्या हातात पैसे नाकारायचा अधिकार होता. मंजुरी मिळाली म्हणजे गंगेत घोडं न्हालं, असं मानणाऱ्या प्रत्येक संस्थापकाला मी ही गोष्ट सांगतो.

पैशांची वाट देशागणिक वेगळी असते, आणि उत्पादनाचा आकार त्या वाटेवर ठरतो. हे वाक्य पोकळ वाटेल, म्हणून तुमच्याच विषयातलं उदाहरण देतो. अमेरिकेत मेडिकेअरने, म्हणजे मुख्यतः वृद्धांसाठीच्या सरकारी आरोग्य विमा योजनेने, २०१९ पासून घरून होणाऱ्या देखरेखीसाठी वेगळे बिल-संकेत सुरू केले. त्यांतल्या ९९४५४ या संकेताला अनेक वर्षं अट अशी होती, की ३० दिवसांत किमान १६ दिवसांचे आकडे आले पाहिजेत. आणि ते यंत्रातून आपोआप यायला हवेत, रुग्णाने हाताने टाईप केलेले चालत नाहीत. बिल दवाखाना लावतो आणि त्यातला वाटा तुम्हाला देतो. आता विचार करा. त्या काळात एखाद्या रुग्णाचे महिन्यात पंधराच दिवस भरले, तर वैद्यकीय दृष्ट्या काही बिघडलेलं नसे, पण दवाखान्याला त्या महिन्याचे ते पैसे मिळत नसत. म्हणजे तेव्हा तुमच्यासारख्या ॲपमध्ये सगळ्यात मोलाची गोष्ट तो सुंदर आलेख नसून, महिन्याच्या मध्यावर ‘या रुग्णाचे दिवस कमी पडतायत’ असं दवाखान्याला सांगणारी कंटाळवाणी यादी होती. ही यादी हृदयरोगतज्ज्ञ सुचवणार नाहीत. बिलं लावणारा माणूस पहिल्या दहा मिनिटांत सुचवतो.

जर्मनीची वाट निराळी. तिथे डिसेंबर २०१९ मध्ये कायदा झाला आणि २०२० पासून निवडक आरोग्य-ॲप डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळू लागली, पैसे वैधानिक आरोग्य विम्याचे. पुरावा अजून पुरा नसेल तर साधारण वर्षभरासाठी तात्पुरती नोंद मिळते, त्या काळात उपयोग सिद्ध करायचा. पहिल्या वर्षी किंमत कंपनी ठरवते, पुढे विमा संस्थांशी वाटाघाट होते. ही व्यवस्था आतून पाहिलेला माणूस तुम्हाला पहिल्याच भेटीत विचारेल, की वर्षभरात संपेल अशी चाचणी आखता येईल का, आणि वर्षानंतर किंमत बरीच खाली आली तर पगार कुठून द्याल? ज्याला ही व्यवस्था ठाऊक नाही तो ‘युरोप मोठी बाजारपेठ आहे’ असं म्हणेल आणि रंगीत नकाशा दाखवेल. अब्जावधींच्या बाजारपेठेच्या आलेखाने सुरुवात करणाऱ्या सल्लागाराला मी आलेख बाजूला ठेवायला सांगतो आणि विचारतो, पहिलं बिल कोणाच्या नावाने फाटेल? बरेच जण इथे गप्प होतात.

परिचारिकेबद्दल बोलायचं तर माझीच एक चूक सांगावी लागेल. काही वर्षांपूर्वी एका कंपनीला (तीही रक्तदाबातलीच) मी आग्रहाने एक मोठे हृदयरोगतज्ज्ञ सल्लागार म्हणून मिळवून दिले. सभ्य, हुशार माणूस. त्यांनी धोक्याच्या सूचनांच्या मर्यादा ठरवून दिल्या: आकडा अमुकच्या वर गेला की लाल खूण, लगेच फोन. कागदावर निर्दोष. प्रत्यक्षात तिसऱ्या आठवड्यात दवाखान्याने सूचनांचा आवाज बंद केला आणि सहाव्या आठवड्यात पडदा बघणंच सोडलं. आम्ही सगळे सॉफ्टवेअरमध्ये दोष शोधत बसलो. शेवटी त्या दवाखान्यातल्या एका ज्येष्ठ परिचारिकेने, कोणी न विचारता, अर्ध्या तासात उलगडा केला. लोक जिना चढून आल्या आल्या मोजतात. बाहीवरून पट्टा बांधतात. दंड जाड आणि पट्टा लहान असेल तर आकडा वाढीव येतो. बोलता बोलता मोजतात. एकच आकडा जास्त आला की घाबरून लगेच चार वेळा मोजतात, आणि चारही वेळा लाल खूण उमटते. सकाळी आठ वाजता तिच्या पडद्यावर पन्नासेक लाल खुणा, त्यांतली खरी एखादी. ती खरी कोणती, हे कळायला सगळ्यांना फोन करायचे. त्या फोनांसाठी कोणी वेळ धरला होता? कोणीच नाही.

तिने सुचवलं ते मार्गदर्शक सूचनांमध्ये आधीपासून लिहिलेलं होतं. आमच्यापैकी कोणी उत्पादनात आणलं नव्हतं, एवढंच. बसून, पाच मिनिटं शांत राहून, सकाळ-संध्याकाळ दोन-दोन वेळा मोजायचं, दोन मोजण्यांत मिनिटभर थांबायचं. सात दिवस. पहिला दिवस सोडून बाकीच्या आकड्यांची सरासरी घ्यायची, आणि ती १३५/८५ च्या वर आहे का ते पाहायचं. दवाखान्यातली १४०/९० ची रेषा घरच्या मोजणीला जशीच्या तशी लावायची नाही. एकट्यादुकट्या आकड्यावर धावपळ फक्त तेव्हा, जेव्हा तो फारच वर असेल किंवा सोबत छातीत दुखणं, धाप, बोलण्यात अडखळणं असं काही असेल. तिचा आणखी एक प्रश्न होता, जो मी त्यानंतर प्रत्येक कंपनीला विचारतो: रात्री अडीच वाजता २१० आकडा आला तर तो कोण बघणार, आणि कोणीच बघणार नसेल तर रुग्णाला ते आधी सांगितलंय का? याचं उत्तर करारात लिहिलेलं नसेल तर पहिल्याच दुर्घटनेत तुम्ही, दवाखाना आणि तुमचा वकील एकमेकांकडे बोट दाखवत बसाल.

त्या परिचारिकेला नंतर रीतसर सल्लागार नेमलं, तासाप्रमाणे मोबदला देऊन. कंपनीच्या संकेतस्थळावर तिचा फोटो सगळ्यात शेवटी होता. मला अजून त्याची चीड आहे.

आकडेवारीच्या माणसाबद्दलही दोन शब्द. आज तुम्ही आकडे दाखवताय, उद्या ‘कोणाला धोका जास्त’ हे सांगायला लागाल. गुंतवणूकदारांना ते हवंच असतं. तेव्हा तुमच्या दाव्यांशी काही देणंघेणं नसलेला एक संख्याशास्त्रज्ञ हवा. सेप्सिस, म्हणजे संसर्गाला शरीराने दिलेला जीवघेणा प्रतिसाद, आधी ओळखू शकेल असा एक अल्गोरिदम अमेरिकेतल्या शेकडो रुग्णालयांत वापरात होता. मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी तो आपल्या रुग्णांवर पडताळून २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले: सेप्सिस झालेल्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश रुग्ण त्याने ओळखलेच नव्हते, आणि तरीही सूचनांचा मारा मोठा होता. बनवणाऱ्याने मोजलेली अचूकता आणि दुसऱ्याच्या दारात मोजलेली अचूकता यांत किती अंतर पडू शकतं, ते इथे दिसतं. तुमच्या यादीतले प्राध्यापक संख्याशास्त्राचे असतील तर त्यांना ठेवा, आणि पहिलं काम हे द्या, की पायलटचे आकडे आमच्या विरुद्ध बाजूने तपासा. दुसऱ्या विषयाचे असतील तर आभार मानून सोडून द्या.

नियमांच्या बाबतीत मंडळबिंडळ काही नको. एक अनुभवी नियामक सल्लागार, तासाच्या दराने, पण लवकर. बहुतेक संस्थापक त्याला उत्पादन तयार झाल्यावर बोलावतात, आणि मग तो जे सांगतो त्याने सहा महिने मागे जातात. कारण तुमचं सॉफ्टवेअर वैद्यकीय उपकरण ठरतं का, हे बऱ्याच अंशी तुम्ही ते कशासाठी आहे म्हणता यावर ठरतं. ‘आकडे साठवतो आणि दाखवतो’ हे एक. ‘औषधाचा डोस वाढवायला सुचवतो’ हे पूर्ण वेगळं. युरोपात नवे उपकरण-नियम २६ मे २०२१ पासून लागू झाले, आणि निदान किंवा उपचाराचा निर्णय घ्यायला माहिती पुरवणारी बरीचशी सॉफ्टवेअर स्वयंघोषणेच्या (नियम पाळल्याचं कंपनीनेच जाहीर करायच्या) वर्गातून वरच्या वर्गात गेली, जिथे बाहेरच्या संस्थेकडून तपासणी लागते. दर्जा व्यवस्थेसाठी आयएसओ १३४८५, सॉफ्टवेअरच्या जीवनचक्रासाठी आयईसी ६२३०४, धोका व्यवस्थापनासाठी आयएसओ १४९७१ ही मानकं तुमच्या अभियंत्यांनी पहिल्या वर्षीच वाचायला हवी होती. वाचली नसतील तर आता वाचा. मागे जाऊन नोंदी तयार करणं हे जगातलं सगळ्यात रटाळ आणि महाग काम आहे.

इथे त्या ब्रँडिंगवाल्या बाईंचा विषय येतो. जाहिरातीतला मजकूरसुद्धा उद्देशाचा पुरावा धरला जातो. मी पाहिलेल्या एका कंपनीचे तांत्रिक कागद अतिशय काटेकोर होते, ‘फक्त माहितीसाठी’ असं प्रत्येक पानावर छापलेलं, आणि संकेतस्थळावर मोठ्या अक्षरांत: पक्षाघात टाळा. ते वाचल्यावर वकील दोन मिनिटं काही बोललाच नाही. बाईंना घ्या, काही हरकत नाही, पण त्यांच्या मजकुरावर नियामक सल्लागाराची नजर गेल्याशिवाय एक ओळ बाहेर जाऊ देऊ नका.

गोपनीयतेचंही तेच. माहिती चोरीला जाण्याची भीती सगळ्यांना असते. स्वतःच्या हाताने ती वाटली जाण्याची नसते. २०२३ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने दोन प्रकरणं हाती घेतली. औषधांच्या सवलतीचं ॲप चालवणाऱ्या गुडआरएक्सला १५ लाख डॉलर दंड, आणि ऑनलाईन समुपदेशन देणाऱ्या बेटरहेल्पकडून ७८ लाख डॉलर. आरोप दोन्हीकडे एकच: वापरणाऱ्यांची आरोग्यविषयक माहिती जाहिरात कंपन्यांपर्यंत पोहोचवली. अशी गळती बऱ्याचदा विपणन विभागाने टाकलेल्या चार ओळींच्या कोडमधून होते आणि तांत्रिक प्रमुखाला पत्ताही नसतो. तुमच्या सॉफ्टवेअर कंपनीवाल्या उपाध्यक्षांना एक ठोस काम देऊन बघा: आमच्या ॲपमधून आणि संकेतस्थळावरून कोणता डेटा कुठे कुठे जातो, याचा नकाशा स्वतः बसून काढून द्या. काढून दिला तर माणूस कामाचा. ‘माझ्या टीमला सांगतो’ म्हणाले तर काय ते समजा.

निवृत्त अधिकाऱ्यांबद्दल मी फार लिहिणार नाही. सरकार तुमचं ग्राहक नाही, निदान पुढची दोन वर्षं नाही. ओळख विकत घेण्यासारखा महाग आणि निसरडा व्यवहार नाही.

हृदयरोगतज्ज्ञांचं मात्र नीट बोललं पाहिजे. तुम्ही कंसात लिहिलंय की दोघेही पायलट चालू असलेल्या रुग्णालयांतच आहेत, आणि एक जण तर पायलटचे मुख्य संशोधक आहेत. हे तुम्हाला सोयीचं वाटतंय. मला धोक्याचं वाटतं. कंपनीत हिस्सा असलेला डॉक्टर त्याच कंपनीच्या उपकरणाचे निष्कर्ष लिहिणार आणि खरेदी समितीत शिफारसही करणार? निष्कर्ष कितीही खरे असले तरी पहिला शंकेखोर परीक्षक ते बाजूला सारेल. अमेरिकेत तर औषध आणि उपकरण कंपन्यांनी डॉक्टरांना दिलेल्या रकमा २०१४ पासून सरकारी संकेतस्थळावर कोणालाही वाचता येतात, आणि सरकारी योजनेतल्या रुग्णांच्या बाबतीत शिफारशीच्या बदल्यात मोबदला देणं हा गुन्हा आहे. बाकी देशांत नियम कमी-जास्त असतील, पण रुग्णालयाची आचारसंहिता असतेच. ताकाला जाऊन भांडं लपवू नका. मुख्य संशोधक आहेत त्यांना हिस्सा देऊ नका, पायलट आणि त्याचा अहवाल संपेपर्यंत तर मुळीच नाही. दुसऱ्यांना घ्यायचं असेल तर त्यांच्या रुग्णालयाची लेखी परवानगी घ्या आणि त्यांनी खरेदीच्या निर्णयातून बाहेर राहावं हे करारात लिहा. शिवाय रुग्णालयाच्या किंवा विद्यापीठाच्या नोकरीत असलेल्या माणसाने सुचवलेल्या कल्पनेवर त्याच्या संस्थेचा हक्क लागू शकतो. त्यांच्या नेमणूकपत्रात काय लिहिलंय ते तुमच्या वकिलाने आधी वाचलं पाहिजे. पुढे कोणी कंपनी विकत घ्यायला आलं की हाच कागद पहिला मागतात.

आता टक्के. सुरुवातीच्या टप्प्यावरच्या कंपनीत एका सल्लागाराला साधारण पाव टक्क्यापासून एक टक्क्यापर्यंत हिस्सा देतात. एक टक्का हा फार थोड्यांसाठी, जे महिन्यातून काही दिवस खरंच काम करतात. तुम्ही सहा जणांना मिळून पाच टक्के द्यायचं मनात धरलंय. तो आकडा मला फार वाटतो, आणि त्याहून वाईट म्हणजे तो एकदम द्यायचा विचार दिसतोय. हिस्सा दोन वर्षांत महिन्यामहिन्याने सुटावा, म्हणजे थोडा थोडा त्यांच्या मालकीचा व्हावा, आणि पहिले तीन महिने काहीच सुटू नये. तीन महिन्यांत दोघांनाही कळतं की जमतंय की नाही, आणि न जमल्यास वाईटपणा न घेता हात जोडता येतात. हिस्सा कोणाला आणि रोख कोणाला, याबद्दल माझा कल असा: ज्याच्या सल्ल्याने कंपनीची किंमत वाढते त्याला हिस्सा, आणि ज्याने तुम्हाला न आवडणारं खरं सांगायचंय त्याला रोख. नियामक सल्लागार, संख्याशास्त्रज्ञ, परिचारिका हे दुसऱ्या प्रकारात. कंपनी लवकर बाजारात आली की ज्याचे शेअर वाढतात, त्याने ‘थांबा’ म्हणावं ही अपेक्षा जरा जास्तच आहे.

गुंतवणूकदारांना काय सांगायचं, ही तुमची खरी अडचण आहे हे मला कळतं. त्यांना नावं दिसायला हवीत. पण तेही पैसे लावण्याआधी कोणातरी विमा क्षेत्रातल्या माणसाला फोन करणारच आहेत, आणि तो विचारणार की बिल कोण भरतं. त्या फोनसाठी तयार असणं पानभर फोटोंपेक्षा बरं. पैसा आणि नावं दोन्ही असूनही गाडं अडतं, हे त्यांना ठाऊक नसेल असं नाही: ॲमेझॉन, बर्कशायर हॅथवे आणि जेपी मॉर्गन या तिघांनी मिळून २०१८ मध्ये जाहीर केलेला हेवन हा आरोग्य उपक्रम, अतुल गवांदे यांच्यासारखा नावाजलेला शल्यचिकित्सक प्रमुखपदी येऊनही, २०२१ च्या सुरुवातीला बंद झाला.

कामाची पद्धत थोडक्यात सांगतो. सगळ्या सल्लागारांना एकत्र बसवू नका. सहा हुशार माणसं एका खोलीत आली की एकमेकांना प्रभावित करतात आणि तुमचा प्रश्न राहून जातो. एकेकाला भेटा. भेटीच्या दोन दिवस आधी एक पान पाठवा, त्यात वाईट आकडे वर आणि चांगले खाली, आणि शेवटी एकच प्रश्न. त्यांनी दिलेला सल्ला आणि तुम्ही प्रत्यक्षात काय केलंत, हे एका वहीत लिहीत जा. दोन सल्लागारांची मतं टक्कर घेणारच. डॉक्टर म्हणेल अजून एक चाचणी करा, विक्रीवाला म्हणेल तोवर पैसे संपतील. दोघेही आपापल्या जागी बरोबर असतील. तिथे मतदान घेऊ नका, कंपनी तुमची आहे. आणि तीन महिन्यांत एकदाही ‘हे करू नका’ न म्हणालेल्या सल्लागाराचा करार वाढवू नका.

पुढच्या आठवड्यात एवढंच करा. दोन्ही रुग्णालयांच्या हिशेब विभागाला, डॉक्टरांमार्फत नव्हे, थेट, एक प्रश्न विचारा: हा पायलट उद्यापासून पैसे देऊन चालवायचा ठरला, तर तो खर्च कोणत्या खात्यातून जाईल आणि सही कोणाची लागेल? आणि दोन्हीकडच्या एकेका परिचारिकेसोबत एक सकाळ घालवा, लॅपटॉप न उघडता. एका रुग्णालयाने खात्याचं नाव सांगितलं आणि दुसऱ्याने ‘बघून सांगतो’ म्हटलं, तर पहिल्याला धरून बसा आणि दुसरीकडचा पायलट महिन्याच्या आत सभ्यपणे बंद करा. खात्याचं नाव कळलं की मला लिहा. त्या खात्याची बिलं पास करण्याचं काम पूर्वी कोणी केलंय, ते आपण मिळून शोधू.